नामदेवचा अंगठा

अकोला, १२ फेब्रुवारी १९६३

मी लिहिलं. माझ्याच हातानं लिहिलं, आणि वरून अक्षर किती सुंदर काढलं!

सकाळी आमचा ड्रायव्हर नामदेव सरकीची पोती भरून पातूरला निघाला होता. त्याच्या ट्रकचा सेल्फ-स्टार्टर दिवाळीपासून बंद आहे. नामदेव मालकांना रोज सांगायचा. मालक रोज म्हणायचे, "हॅण्डल हाय ना? मार मंग." आज इंजिन सुरू करताना पुढचं लोखंडी हॅण्डल उलटं फिरलं आणि नामदेवचं उजवं मनगट मोडलं.

हॅण्डल मारताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, दांडीला वेढा घालायचा नाही, हे आमच्या सगळ्या ड्रायव्हरांना नामदेवनंच शिकवलं. त्याचा अंगठा चुकेल? मी समोरच उभा होतो. अंगठा बरोबर होता.

तरी मी, त्यांचा कारकून, मालकांनी सांगितलं तसं अपघाताच्या कागदावर लिहून मोकळा झालो: ‘अंगठा चुकीचा धरल्याने, स्वतःच्या हयगयीने.’ म्हणजे भरपाईचं नावच नको. एकदा तरी नाही म्हणालो का मी?

संध्याकाळी सही घ्यायला दवाखान्यात गेलो. नामदेवला वाचता येत नाही.

"काय लिवलं, बाबू?"

"हात मोडला, असं लिहिलं."

"सेल्फचं बी लिवलं ना? दुसऱ्याचा हात तं मोडनार नाई."

मी ‘हो’ म्हणून मान हलवली. हलवली!

मी शाईची डबी पुढे केली. त्यानं डावा अंगठा बुडवला आणि म्हणाला, "सरका जरा, तुमच्या सदऱ्याले डाग लागन."

घरी आल्यापासून तीनदा सदरा पाहिला. कुठेही डाग नाही.