सकाळी कॅल्शियम, संध्याकाळी सोडा

मी, पार्वताबाई मोतीलाल बडगुजर, वय ६३, राहणार जळगाव, पूर्ण शुद्धीत, कोणाच्या दडपणाखाली न येता, माझ्याच अक्षरात हे मृत्युपत्र लिहून ठेवते. वकिलाकडून लिहून घेतले नाही, कारण तो माझे दीर बन्सीलाल यांच्या ओळखीचा आहे.

१. माझे यजमान कॉलेजच्या रसायनशाळेत होते. त्यांनी बैठकीतल्या काचेच्या टाकीत समुद्राचे पाणी भरून जिवंत प्रवाळ वाढवले. ते गेले तेव्हा मोठे प्रवाळ सुपारीएवढे होते, आता नारळाएवढे आहे. त्यांनी पाहिलेला भाग आत गाडला गेला. वरचा सगळा माझ्या एकटीच्या काळातला.

२. प्रवाळ पाण्यातून कॅल्शियम घेऊन आपला सांगाडा बांधते. त्यासाठी पाण्याची क्षारताही टिकावी लागते, ती सोड्याने टिकते. म्हणून सकाळी कॅल्शियमच्या बाटलीतले एक झाकण आणि संध्याकाळी सोड्याच्या बाटलीतले एक झाकण टाकावे. दोन्ही एकदम ओतल्यास पाणी दुधासारखे होते, सगळे तळाशी बसते आणि प्रवाळ उपाशी राहते. हे मी शब्दकोश मांडीवर घेऊन इंग्रजी पुस्तकात वाचले आहे.

३. गेल्या वर्षी मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी धुळ्याला गेले, तेव्हा किल्ली बन्सीलाल यांच्याकडे होती. परतले तर पाणी पांढरेफटक, दोन्ही बाटल्या रिकाम्या. म्हणाले, "वहिनी, तुम्ही जरा जरा टाकतस, म्हनीसन पोवळं वाढत नही. मी बठ्ठं टाकी दिधं!" अंगठीत बसवतात ते पोवळे हेच, अशी त्यांची समजूत. नणंद द्रौपदाबाई हसून म्हणाल्या, "सराफ म्हने, हाई तं नुसतं हाड शे!" म्हणजे त्यांनी तुकडा मोडून सराफाला दाखवलाही होता. अर्धी टाकी मेली. चुकले असे दोघांपैकी कोणी म्हटले नाही.

४. त्यानंतर द्रौपदाबाईंच्या मुलीच्या लग्नात मामाला, म्हणजे बन्सीलाल यांना, फेटा बांधायचा राहिला. तेव्हापासून बहीणभाऊ बोलत नाहीत. हे माझ्या उपयोगाचे आहे. राहते घर दोघांना निम्मे निम्मे देते, पण कॅल्शियमची बाटली द्रौपदाबाईंकडे आणि सोड्याची बन्सीलाल यांच्याकडे राहील. दोघे एका वेळी दारात येणार नाहीत, आणि एकमेकांच्या झाकणावर डोळा मात्र ठेवतील. मोठे प्रवाळ दोन वर्षे जगले तर घर त्यांचे. मेले तर घर वाचनालयाचे.

५. टाकी जिवंत आहे की नाही, हे शेजारीण नूरबी ठरवेल. पाणी तपासण्याचे थेंब आणि घराची किल्ली तिच्याकडे राहतील. तिला मी काहीही ठेवलेले नाही. ठेवले असते तर तिच्यावरही संशय घ्यावा लागला असता. तिला हे सांगितले तर म्हणाली, "अक्का, नको मला काही. पण तुम्ही गेल्यावर मी बोलणी कोणाची खाणार?"

६. माझ्या पाटल्या विकून टाकीचे मीठ, औषधे आणि विजेचा खर्च भागवावा. पाटल्या नूरबीच्या समोर तोलाव्यात.

७. माझ्या सुतकात देवपूजा बंद राहील, टाकी नाही. स्मशानातून आल्यावर बन्सीलाल यांनी आंघोळ करावी, हाताला साबण राहू देऊ नये आणि सोडा टाकावा. रडायचे ते नंतर. द्रौपदाबाई त्या दिवशी घरातच असतील. सोडा टाकला का, हे त्यांनी भावाला स्वतःच्या तोंडाने विचारावे. नूरबीला मध्ये घालू नये.

सही : पार्वताबाई मोतीलाल बडगुजर

आमच्या डोळ्यांदेखत बाईंनी सही केली :
१. तोताराम झुलाल नेरकर
२. हाशम खाजा पिंजारी

जळगाव, ९ नोव्हेंबर १९९८