सातव्या काठीचा शोध आणि इतर मालमत्तेची व्यवस्था

मी, महादेवराव नामदेवराव गुल्हाने, वय सदुसष्ट, धंदा दोर, सुतळी, जाळी आणि मासे धरायच्या काठ्या विकण्याचा, राहणार आर्वी, जिल्हा वर्धा, हे स्वतःच्या हाताने लिहितो. डोके ठिकाणावर आहे, कोणाचा दाब नाही. छातीत मात्र तीन ठिकाणी अडथळे निघाले आणि सोमवारी नागपूरला बायपास आहे. डॉक्टर म्हणाले, बिनधास्त राहा. गिऱ्हाइकांना मी तीस वर्षे हाच शब्द सांगत आलो, म्हणून जास्त धास्ती वाटते. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. कोणी दाखवले तर ते खोटे समजावे.

१. राहते घर आणि बँकेतली ठेव माझी पत्नी सौ. अनुसयाबाई हिची. तिच्या हयातीत कोणी फरशीसुद्धा बदलू नये. तिच्यामागे मुलगा निकेश आणि मुलगी गुंजन यांना निम्मे-निम्मे. माझी औषधे उरली तर ती फेकावी, तिने "वाया काऊन घालवायची" म्हणून खाऊ नये. तिने असे एकदा केले आहे.

२. दुकान निकेशचे, पण अटीवर. काठी आणि रिळाचा कोणताही जोड तपासल्याशिवाय विकायचा नाही. तपासायची रीत तो जाणतो, तरी लिहून ठेवतो. जोड एका बोटावर तोलावा. टोकाकडे कलला तर धरणावर दोन तासांत मनगट भरून येते. रीळ कानाशी धरून शंभर वेळा फिरवावे. रिळावरचा नायलॉनचा तंगूस पाण्याच्या बादलीला बांधून ब्रेक असा कसावा, की बादली ओढताना तंगूस सावकाश सुटेल, कारण मरळ झटका देते आणि अडून बसलेला तंगूस तटकन तुटतो. निकेश मोबाईलवर माल विकतो आणि हात न लावलेल्या जोडाला पाच तारे देतो. मी टोकले तर म्हणतो, लोक फोटो पाहतात. मी सगळे हाताळून पाहणारा माणूस, तरी माझ्या हातून काय झाले ते पाचव्या कलमात आहे. ते वाचल्यावर त्याने तारे द्यावे.

३. तपासणीची निळी वही आणि सहा फुटी हिरवी फायबरची काठी, जुन्या रिळासह, गुंजनची. हा जोड जड आहे, पण दगा देत नाही. वहीत दहापैकी आठ गुण आहेत. गुंजन दहा वर्षांची असताना धरणावर येते म्हणाली होती आणि मी तिला मुलींचे काम नाही म्हणून घरी ठेवले. चूक माझी होती.

४. माझे साळे रूपराव यांना ताणकाटा. सातशे ग्रॅमची मरळ ते गेली वीस वर्षे तीन किलोची सांगत आहेत. माझी बांबूची पहिली काठी अकरा वर्षांपूर्वी नेली, ती त्यांनीच ठेवावी. काटा मात्र चारचौघांत वापरावा.

५. आता ज्यासाठी हा कागद लिहायला बसलो ते. तीन वर्षांपूर्वी मी बारा फुटी काळ्या कार्बनच्या काठ्यांचे सात जोड आणले. हाताला पिसासारखे, वाकून परत सरळ होणारे, रीळ लोण्यासारखे. मी वहीत दहापैकी नऊ गुण दिले. एक गुण कापला तो रिळाची मूठ कुरकुरत होती म्हणून. तपासलेल्या मालावर मी मुठीच्या वर एक चिकटपट्टी लावतो, "तपासून दिले". तिची अक्षरे माझे मित्र बापूराव काळपांडे यांच्या हातची. आर्वीतल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या त्यांनीच रंगवल्या. त्या सात काठ्यांवर मुठीच्या वर आधीच एक बारीक छापील चित्र होते. मला ते कंपनीची जाहिरात वाटले. मी न बघता त्याच्यावर माझी पट्टी डकवली.

पहिला जोड बापूरावांनी नेला. दोन वर्षांपूर्वी, जानेवारीत, कालव्याच्या पाळीवरून ते उघडलेली काठी खांद्यावर उभी धरून चालले होते. पाळ उंच, वर विजेची तार. बांबू आणि फायबर घेऊन आम्ही सगळे जन्मभर तिथूनच गेलो. या काठीचे टोक तारेला लागले. बापूराव वाचले, पण उजव्या हाताची तीन बोटे गेली. पाट्या रंगवायचे काम तेव्हापासून बंद आहे.

त्यांना दवाखान्यात पाहून आलो आणि दुकानातल्या एका काठीवरची पट्टी नखाने काढली. खाली तार, वीज आणि काठी धरलेला माणूस असे चित्र होते. कार्बनमधून वीज जाते. मी वजन पाहिले, ताकद पाहिली, रीळ ऐकले, हे विचारलेच नाही. आणि कंपनीने सांगितले होते ते बापूरावांच्याच अक्षरांनी झाकले.

हे मी कोणाला सांगितले नाही. बापूरावांच्या घरचे त्यांना दोन वर्षे म्हणत आहेत, वर पाहून चालता येत नव्हते का. तेही आता म्हणतात, माझेच लक्ष नव्हते. माझ्या ओट्यावर चहा पिताना म्हणतात आणि मी मान हलवतो. मला लाज वाटते.

६. उरलेल्यांपैकी एक काठी दुकानातच होती, चार रिळात दोष आहे अशी थाप मारून मी गिऱ्हाइकांकडून परत आणल्या. त्या पाचही माळ्यावर पोत्यात आहेत. निकेशने त्या करवतीने कापाव्या, विकू नये, फुकटही देऊ नये. सातवी सापडलेली नाही. ती बाजाराच्या दिवशी एका अनोळखी माणसाने नेली. कारंज्याच्या बाजूचा, हायवेवर ढाबा आहे म्हणाला. गर्दी होती, मी नाव लिहिले नाही. दोनदा जाऊन आलो, पण काठीबद्दल विचारताना कारण सांगत नव्हतो, म्हणून कोणी मनावर घेतले नाही. पेपरात विजेचा धक्का अशी बातमी आली की मी आधी गावाचे नाव पाहतो. कारंजा नसेल तर चहा घशाखाली उतरतो.

निकेशने कारंज्यापासून दोन्ही बाजूंचे ढाबे पालथे घालावे आणि खरे कारण सांगून विचारावे. काठी आणून देईल त्याला दुकानातला त्याच्या पसंतीचा जोड द्यावा. सातवी सापडेपर्यंत माझी तेरवी करू नये. अनुसयाबाईला हे पटणार नाही, पण मी विचार करून लिहिले आहे.

७. साक्षीदार म्हणून मी शेजारचे प्रेमदास राठोड, निवृत्त एसटी कंडक्टर, आणि बापूराव काळपांडे यांना बोलावले आहे. वकील म्हणाले, साक्षीदाराच्या नावे काही ठेवू नये आणि त्याला मजकूर सांगायचीही गरज नसते. बापूरावांना देण्यासारखे माझ्याकडे नाही. मजकूर मात्र सगळा वाचून दाखवणार आहे. माझा आवाज बसला तर प्रेमदासने पुढे वाचावे, मी थांबा म्हणालो तरी.

८. हे कलम वरची सात वाचून झाल्यावर, सह्यांच्या आधी लिहीत आहे. पाचवे कलम मी अर्धेच वाचू शकलो, पुढचे प्रेमदासने वाचले. बापूरावांनी माळ्यावरची एक काठी मागवली, डाव्या हाताच्या नखाने पट्टी काढली आणि चित्र बराच वेळ पाहिले. मग म्हणाले, "मी सोताले येडा समजून राह्यलो होतो, महादेव. दोन वर्षं. अन् तू चहा पाजत होता."

अनुसयाबाई दारात उभी होती, तिने डोळ्याला पदर लावला. बापूराव उठून गेले आणि मी समजलो, दुसरा साक्षीदार शोधावा लागेल. पण ते पायऱ्यांवरून परत आले.

"ढाब्यावर नुसतं विचारून कोणी नाई सांगत," ते म्हणाले. "पाटी लावा लागते, तार अन् काठी काढून. मी लिहितो. डाव्यानं वाकडी येईन, तं येऊ दे. रंग तू कालवून देजो, सोमवारच्या आधी."

म्हणून सहाव्या कलमात एवढी दुरुस्ती करतो, की पाटीचे काम बापूरावांकडे राहील आणि निकेश त्यांच्या सांगण्याप्रमाणे चालेल. रंग मी आजच कालवला आहे. थोडा ओट्यावर सांडला.

ठिकाण आर्वी, शुक्रवार, दिनांक १४ फेब्रुवारी २०२५.

लिहून ठेवणार: महादेवराव नामदेवराव गुल्हाने (सही)

साक्षीदार १: प्रेमदास राठोड (सही)

साक्षीदार २: बापूराव काळपांडे (सही)
सही डाव्या हाताची आहे. मजकूर पूर्ण ऐकला. माफी दिलेली नाही. ती मागायला लिहिणाऱ्याने नागपूरहून परत यावे.