शीतगृहाच्या दारावरील ‘अधिक दोन’ या पट्टीबाबत

प्रति,
मा. संचालक,
मध्यवर्ती लस भांडार, मुख्य कार्यालय.

विषय : भांडारातील माहिती-हानीचे मूल्यमापन, आणि त्यातून निघालेल्या एका तातडीच्या बाबीवर निर्णय मिळण्याबाबत.

संदर्भ : १) माहिती-हानी व्यवस्थापनाबाबत आपले परिपत्रक.
२) माझा पहिला अर्ज (आपल्या कार्यालयाकडून गहाळ).
३) तो गहाळ झाल्याबद्दलचा माझा दुसरा अर्ज (विचाराधीन).

महोदय,

शीतगृहाच्या दारावर जो तापमापक आहे, त्याच्या काचेखाली बोटाच्या पेराएवढी पांढरी चिकटपट्टी आहे. तिच्यावर निळ्या शाईत ‘अधिक दोन’ असे लिहिले आहे. पट्टीचा डावा कोपरा सुटला असून त्याखाली धूळ बसली आहे. मात्र ती धूळ पट्टीच्या चिकट बाजूला आहे, तापमापकावर नाही. म्हणजे ही पट्टी आधी दुसरीकडे कुठेतरी होती.

१. येथे बदलून आल्यावर मला पहिल्याच दिवशी सांगण्यात आले की दारावर जो आकडा दिसेल त्यात दोन मिळवून नोंद करायची. का, असे विचारल्यावर भांडारपाल म्हणाले, “मॅडम, मीटर दोन कमी दाखवतं. आमच्या आधीच्यांनीही मिळवले, त्यांच्या आधीच्यांनीही.” वाहनचालकाच्या मते दार उघडल्यावर आत येणारी उष्णता त्यात धरलेली आहे. कुणीही खोटे बोलत नव्हते. ज्याला जे ऐकायला मिळाले, ते त्याने जपून ठेवले होते.

२. उलगडा यंत्रदुरुस्ती करणाऱ्या मिस्त्रींकडून झाला. जुना तापमापक बिघडल्यावर त्यांनीच नवा बसवला. ते अभिमानाने म्हणाले, “जुन्यावरची पट्टी शाबूत होती. अलगद सोडवली आणि नव्यावर लावली. नाहीतर पुढच्या माणसाला कसं कळणार?” त्यांच्या काळजीबद्दल माझी तक्रार नाही. दोष जुन्या यंत्रात होता. तो भंगारात गेला आणि त्याची दुरुस्ती नव्या यंत्राला चिकटली.

३. खात्रीसाठी मी प्रमाणित तापमापक मागितला होता. तो अद्याप आलेला नाही. अखेर माझी थोरली बहीण शाळेत विज्ञान शिकवते, तिच्या प्रयोगशाळेतला आणला. आधी तो वितळत्या बर्फात धरून शून्य दाखवतो याची खात्री केली, मग शीतगृहात दाराच्या आतल्या बाजूला ठेवला. दारावरचा तापमापक एक अंश दाखवत होता. बहिणीचाही एकच. आम्ही मात्र तीन लिहितो. लस दोन ते आठ अंशांत राहायला हवी, त्यामुळे नोंदीत सर्व क्षेमकुशल आहे. बहिणीचा तापमापक मागच्या फळीवर, पंख्याच्या झोतात ठेवला, तेव्हा त्याचा पारा शून्याखाली उतरला.

४. ही लस एकदा गोठली की पुन्हा वितळवून उपयोग नसतो, हे आपण जाणताच. मी एक कुपी मुद्दाम गोठवून वितळवली, आणि ती व मागच्या फळीवरची कुपी एकत्र हलवून टेबलावर ठेवली. दोन्हींत सारखाच गाळ झरझर खाली बसला. वर नितळ पाणी उरले; न गोठलेली लस हलवल्यावर बराच वेळ गढूळच राहते. निरनिराळ्या खोक्यांतल्या कुप्या घेऊन पाहिले. तेच. सुई टोचली जाईल, बाळ रडेल, कार्डावर खूण होईल आणि आई निर्धास्त घरी जाईल. बाळाला संरक्षण मिळाले नाही, हे मात्र कुणालाच कळणार नाही.

५. याबाबत आपल्या कार्यालयाने मला परिपत्रकासोबतचा तक्ता भरण्यास सांगितले. त्यातील पहिला रकाना ‘हरवलेल्या माहितीचा संपूर्ण तपशील’ असा आहे. तपशील देता आला असता तर ती माहिती हरवली असे मी म्हटले नसते. दूरध्वनीवर आपले स्वीय सहायक म्हणाले, “मॅडम, पट्टी कुणी लावली ते कळल्याशिवाय काढायचा आदेश कसा काढणार? उद्या कुणी विचारलं तर?” पहिल्या अर्जाची चौकशी केली, तेव्हा गहाळ अर्जाची प्रत जोडल्यास शोध घेता येईल, असे उत्तर मिळाले. प्रत जोडली. आता ती प्रत सापडत नाही.

६. मूल्यमापनाचा निष्कर्ष थोडक्यात सांगते. आपल्याकडे आकडे टिकतात, त्यांची कारणे टिकत नाहीत. यापुढे कोणत्याही यंत्रावर सूचना लावताना ती कोणत्या यंत्रासाठी, कशावरून, कुणी लिहिली हे त्याच जागी लिहावे, आणि यंत्र बदलले की सूचना फाडून टाकावी, अशी विनंती आहे.

७. हा अर्ज मी शीतगृहाबाहेरच्या खोलीत लिहीत आहे. सलग बसवत नाही. यंत्राची घरघर थांबली की उठून आत पाहून येते, सुरू झाली की पुन्हा. बाहेर लसीची खोकी भरलेली गाडी उभी आहे. लसीकरण केंद्रांनी उद्या आयांना बोलावले आहे. मुलांना कडेवर घेऊन त्यांना तसेच परत जावे लागेल, याची मला जाणीव आहे. म्हणूनच इतके दिवस आपल्या उत्तराची वाट पाहिली. दरम्यान चालक दोनदा येऊन गेला. “ताई, सही तेवढी करा, ऊन चढतंय.” भांडारपाल हळूच म्हणाले, “वरून येऊ द्या ना काय ते. आपण कशाला विस्तवात हात घालायचा? मागच्या मॅडमनी कधी नाही विचारलं.”

साठा बाद ठरवण्याचा अधिकार आपला आहे. माझ्याकडे फक्त सही आहे. तिच्यावाचून गाडी फाटकाबाहेर पडत नाही. वरील परिच्छेद संपवून मी उठले, दारावरची पट्टी सोडवून या अर्जाला लावली, आणि दोघांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “खोकी उतरवा. मी सही करणार नाही.”

आपली नम्र,
(सही)
गुणवत्ता तपासनीस, मध्यवर्ती लस भांडार
दिनांक : आजचा, गाडी परत पाठवल्याचा

सोबत : १) पट्टी, मूळ प्रत. दुसरी प्रत नाही, कृपया सांभाळावी.
२) गाळ बसलेली एक कुपी.