दादाच्या फोटोसाठी बसलो

५ जाने. ८६
दादाचं वर्षश्राद्ध जवळ आलं. भिंतीवर लावायला फोटो नाही. एकच आहे, मिलच्या ग्रुपमधला. त्यात दादाच्या डोळ्यांवर शेजारच्याची सावली. स्टुडिओवाला म्हणाला, मोठा केला तर नुसता डाग येईल.
पुतणी नंदा म्हणाली, "मी काढते बाबाले, कॉलेजच्या कम्प्युटरवर." अक्षरं दाट-विरळ छापून ती चेहरे उठवते. मैत्रिणीचा केला आहे. दुरून पाहिलं तर पोरगी रडू दाबून बसलेली. वहिनी म्हणाल्या, "तसा रडका नको काढू वं. तुझा बाप हसरा होता."

८ जाने.
शाळेतून परस्पर वहिनींकडे. नंदा चौकटींचा कागद घेऊन तयार. "काकाजी, तुम्ही बसा. नाक, कपाळ बाबाचंच आहे तुमचं."
बसलो. "हसा ना." हसलो. "असं नाही, बाबासारखं."
दादा कसा हसायचा ते आठवायला लागलो. आठवलं, पण मग हसू काही...
नंदा म्हणाली, "आता हलू नका." आणि कागदावरच्या चौकटी भरायला लागली.

१९ जाने.
चित्र आलं. कडेला भोकं असलेले लांब कागद एकाला एक चिकटवलेले. जवळून नुसती इंग्रजी अक्षरं. दाराशी जाऊन पाहिलं तर दादा. मग मी. हसत नाही. बोलायचं राहून गेल्यासारखं तोंड.
नंदा: "मी बाबाच काढत होते, काकाजी. हेच निघालं. दुसरं करू?"
वहिनींनीही दाराशी जाऊन पाहिलं. म्हणाल्या, "राहू दे." भिंतीवर लावलं.

२३ जाने.
सौ.ला आज सांगितलं. भडकली. "जित्या माणसाच्या तोंडाले हार घालतात काय? मी कुंकू लावते अजून! वहिनीले सांगा, उतरवा म्हणा."
तिचं चूक नाही. उद्या सांगतो.

२४ जाने.
सायं. गेलो. दारातच वहिनींचा आवाज. कोणाशी तरी भांडत होत्या. "काहून बोलून नाही राहिले जी? पोरीच्या लग्नाचं कोण पाहीन? बसले तिथं चूप!"
आत दुसरं कोणी नव्हतं. चित्राशी बोलत होत्या. दादा गेल्यापासून त्यांचा एवढा आवाज ऐकला नव्हता.
मला पाहून पदर सारखा केला. "चहा घ्या भाऊजी."
घेतला. न सांगताच परत. सौ.ला म्हटलं, वहिनी घरी नव्हत्या.

२ फेब्रु.
वर्षश्राद्ध. सौ. आली, पण चित्राकडे पाठ करून बसली. महाराज म्हणाले, हार घाला. वहिनी हार घेऊन उठल्या आणि थांबल्या.
"भाऊजी, तुम्ही सांगा. मनात नसन तर नाही घालत."
सगळे माझ्याकडे. सौ. पण वळली.
मी म्हटलं, "घाला."
सौ. उठून आत गेली. पानं वाढली तरी बाहेर आली नाही. नंदा बोलवायला गेली. एकटीच परत आली.