हर्सूलची ओळ

४ एप्रिल २०१६
औरंगाबादेत पहिला दिवस! वाळूजच्या कारखान्यांना इंटरनेट पुरवणारी कंपनी, ऑफिस छावणीजवळ. पाणी चार दिवसांआड, तरी खोली हवेशीर आहे. फिल्डवरच्या बिरूभाऊंनी स्वतःच्या बाटलीतलं पाणी दिलं. म्हणाले, "घ्या म्याडम, लई ऊन हाय."

११ एप्रिल
माझं काम ठरलं. आजवर प्रत्येक टॉवरचा राऊटर बाकी सगळ्यांना डेटा जायचे आपले रस्ते सांगायचा. आता सगळ्यांनी मधल्या एकालाच सांगायचं, त्यानं पुढं कळवायचं. त्यासाठी त्या मधल्यात प्रत्येक राऊटरची एकेक ओळ लिहायची. सोपं आहे.

१३ एप्रिल
सकाळी बदल केला आणि हर्सूलच्या टॉवरची लाईन बंद पडली. आमचे वरिष्ठ विश्वजित सर ओरडले. माझ्या तोंडून निघून गेलं, टॉवरवरची केबल सैल असेल. सरांनी बिरूभाऊंना भर उन्हात टॉवरवर चढायला पाठवलं.
ते गेल्यावर दिसलं, हर्सूलची ओळ मीच लिहायला विसरले होते. बारा चाळीसला गुपचूप लिहिली. लाईन आली. बिरूभाऊंना फोन करून खाली उतरा म्हणायला हवं होतं. पण मग चूक कळली असती.
फोन केला नाही.
एकच्या सुमारास ते टॉवरवरून पडले. जागीच गेले.

१५ एप्रिल
सर म्हणाले, त्यानं सुरक्षेचा पट्टा बांधला नव्हता. मी मान डोलावली. हर्सूलचा राऊटर काढून आणलाय, कपाटात बंद आहे.

१८ एप्रिल
बारा चाळीसला पडद्यावर एक नवा रस्ता. हर्सूलच्या राऊटरकडून आलेला. कपाट उघडून पाहिलं, राऊटरला वायरसुद्धा नाही.
पुसला. परत आला. माझा मधला राऊटर तो सगळ्यांना कळवत होता.

२० एप्रिल
बानाबाई, बिरूभाऊंची बायको, आली होती. तिनं विचारलं, "म्याडम, वर असताना तुमचं बोलणं झालं व्हतं का त्यांच्याशी?"
नाही म्हणाले. तेवढंच खरं बोलले. तिच्याकडं बघवेना.

२१ एप्रिल
आज सगळे राऊटर तोच रस्ता दाखवतात. फक्त तोच. गच्चीवर लोखंडी शिडी वाजते — सर म्हणतात, वर कुणी नाही —

२२ एप्रिल
सरांना सगळं लिहून काढलं. पाठवायचं आहे. बोट पुढं जात नाही. लाज — अजूनही स्वतःचीच —
बारा एकोणचाळीस.
शिडी. वरून आवाज, दमलेला, अदबीचा —
"म्याडम, उतरू का आता?"
मी हो म्हण—