एका सुईची शिवण

मंगळवार, दुपार

प्रिय ताई,

नमस्कार. तीनदा कागद घेतला नि तिन्ही वेळा त्याच्या पाठीमागे घोड्यांची चित्रं काढत बसले. मी मजेत आहे. चिठ्ठीत तुला पत्ता कळवला होता ना, त्याच तबेल्यात काम मिळालंय, वर माळ्यावर खोली. इथला एक म्हातारा घोडा माझी टोपी खातो. म्हणजे खाल्लीच. पहिल्या दिवशी मालकीणबाई म्हणाल्या, "आधीच खोगीरभरती बरीच आहे. तुला काय येतं?" म्हटलं, "खोगीर भरताच येतं, बाई!" हसल्या. तेव्हापासून दुरुस्तीचं सगळं चामडं माझ्याकडे.

ते जाऊ दे. तुझ्या घोडीच्या पोटाखाली आवळायचा, मी शिवलेला तो नवा तंग वापरायला काढलास का? नसशील तर काढू नकोस. रविवारच्या उड्यांच्या स्पर्धेला नको, सरावालाही नको. जुनाच बांध.

बाबा म्हणतात ना, "दोन सुया, एकच भोक, समोरासमोर. एक दोरा तुटला तर दुसरा धरतो." डाव्या बकलापाशी आले नि माझी एक सुई मोडली. बाहेर ट्रकवाला हॉर्न वाजवत होता, मला न्यायला थांबलेला. दुसरी सुई ओवायची, दोऱ्याला मेण लावायचं, एवढाही दम नव्हता मला. शेवटची वीतभर शिवण एकाच सुईने टीप मारून संपवली. वरून तश्शीच दिसते. मागच्या बाजूवर अस्तर चिकटवलं. एक टाका गेला की अख्खी ओळ जाईल.

आणि त्यावर बाबांच्या दुकानाचा शिक्का ठोकला. त्यांनी उलटूनसुद्धा पाहिलं नाही. "भिंगरी आहे कार्टी, पण हात माझाच आहे तिचा," म्हणाले.

थांब हं, खाली बस थांबलीय.

ताई, फाटकात बाबा उभे आहेत. दुकान सोडून कध्धी कुठे न जाणारे बाबा. माझा पत्ता तर फक्त तुला ठाऊक होता. खांद्यावर तोच तंग आहे, डावं बकल लोंबतंय. तुटलाय की त्यांनीच उसवलाय, इथून कळत नाही.

मालकीणबाई विचारतायत, "कोण हवंय?"

"ही शिवण जिची, ती."

जाते खाली. पत्र तरीही पेटीत टाकणार आहे. उत्तर दोन ओळींचं चालेल, पण तुझ्याच हातचं हवं.

तुझीच,
भिंगरी