ओल्शिनकाची धाकटी घंटा

ओल्शिनका, ३ ऑक्टोबर

चि. ब्लांका हिस अ. आ.

माझा उजवा गुडघा गेला, म्हणून हे पत्र. चॅपेलच्या पायऱ्या आता चढवत नाहीत. घंटेचा दोर मृतात्म्यांच्या दिवसापर्यंत, म्हणजे दोन नोव्हेंबरपर्यंत, आपल्या घरातल्या कुणी हाती घेतला नाही, तर सरपंच कोब्लिहोवाबाई तिथे विजेचं यंत्र बसवणार आहेत.

यंत्र रोज दुपारी बाराला घंटा वाजवेल, कबूल. पण कोण गेलं ते सांगणार नाही. बाई गेली तर मध्ये दोनदा थांबायचं, पुरुष गेला तर तीनदा, हे तू लहानपणीच शिकलीस. युद्धात मोठी घंटा तोफांसाठी नेली, तेव्हा तुझ्या पणजोबांनी ही धाकटी तळ्याच्या गाळात पुरली. दर शरदात बांधाचं दार उघडून तळं रिकामं करायचे आणि कार्प मासे काढायचे. पण युद्ध संपेपर्यंत पणजोबा सांगत राहिले, बांधाचं दार गंजलंय, उघडत नाही. सगळ्या गावाला खरं माहीत होतं. एकानेही तोंड उघडलं नाही!

तुझं काम संगणकावरचं, कुठूनही होतं असं तूच सांगतेस. मग इथून कर.

लोभ आहेच, पण तो टपालाने वाढत नाही.
द्राहोमीरा आत्या

ब्रनो, ८ ऑक्टोबर

ती. आत्यास सा. न.

तू विनंतीसुद्धा हुकमासारखी करतेस. बाबा म्हणतात, तू शिकवायचीस तेव्हा शाळेला घंटेची गरजच नव्हती. शनिवारी येते, आठवडाभर वाजवून बघते. वचन देत नाही.

माया कमी कर हवी तर, प्लमचे उंडे मात्र कमी करू नकोस.
तुझी ब्लांका

ओल्शिनका, १७ ऑक्टोबर

चि. ब्लांका हिस आ. (रागावले आहे, म्हणून एकच.)

न सांगता बसने पळालीस, हे शोभलं नाही. हात भरून आले म्हणून दुपारच्या घंटेत दोनदा थांबलीस आणि गावाने मला मेलेलं धरलं, एवढंच ना झालं? शेजारचा ओताकार टोपी हातात घेऊन दारात आला. मी उंडे वळताना दिसले, तेव्हा म्हणाला की काळा कोट फुकट चढवला, आता निदान खायला तरी घाल. त्याच्यामागे निम्मं गाव. कोब्लिहोवाबाई डोळे पुसत आल्या, मला पाहून चिडल्या आणि म्हणाल्या की पुन्हा असं केलंस तर जिवंत पुरीन. मग उंबऱ्यावरच बसल्या. म्हणाल्या, यंत्र राहू दे. ते मध्येच कितीदाही थांबलं असतं तरी मी खिडकीसुद्धा उघडली नसती.

तू लाजलीस. मला मात्र या गावाचा एवढा अभिमान कधी वाटला नव्हता. हातातली कामं टाकून माणसं धावली गं. परत ये. तोवर ओताकार वाजवतोय, अडलेली गाय ओढावी तसा.

उत्तर नको, तूच ये.
आत्या

२ नोव्हेंबर

आज ब्लांकाच्या हाती दिलं: चॅपेलची किल्ली, माझे लोकरीचे हातमोजे, कारण दोर हात सोलतो, आणि माझ्या वाटणीचे दोन विराम. ते वापरायची घाई नाही.